दारातला कापूस

मे २०२३ मधली गोष्ट. पेपर तपासून झाले, कॉलेजला सुट्टी लागली आणि मी चार दिवस धाकट्या बहिणीकडे सौंसरला गेलो. आमचे मेहुणे आपल्याच भागातले, यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेले. नोकरी मात्र मिळाली ती थेट मध्य प्रदेशात, सौंसरजवळच्या बोरगावच्या औद्योगिक भागात.

नागपूरहून सावनेर मागे टाकून बस पुढे गेली की पाट्या हिंदीत होतात, पण बसमधली माणसे मराठीच बोलत राहतात. पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके तेव्हा छिंदवाडा जिल्ह्यात होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांचा वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. संत्री आणि कापूस ही तिथली पिके. घरात नागपुरी वळणाची मराठी, कचेरीत हिंदी. आपल्याकडे आईशी कन्नड आणि शाळेत मराठी चालते, त्यातलाच प्रकार. त्यामुळे मला तिथे परके वाटले नाही.

बहीण गावाच्या कडेला भाड्याने राहते. शेजारी घरकुलांची ओळ आहे. जामसावळीच्या हनुमानाचे दर्शन घेऊन आलो त्या रात्री उकाड्यामुळे आम्ही अंगणातच खाटा टाकल्या होत्या. पहाटे बहिणीच्या ओरडण्याने जाग आली.

"बेंकी! बेंकी! अण्णा, ऊठ!"

लग्न होऊन पंधरा वर्षे झाली, पण घाबरल्यावर तिच्या तोंडून आईची भाषा निघाली. बेंकी म्हणजे आग, हे तुम्हा-आम्हाला सांगावे लागत नाही. त्या गल्लीत मात्र ते कोणालाच कळले नाही. मग समोरच्या घरातून कोणीतरी "इस्तो लागला वोऽ" अशी हाक दिली, तेव्हा माणसे धावली.

शेजारच्या घरकुलाच्या दारातून धूर येत होता. ज्वाळा फारशा नव्हत्याच. पुढच्या खोलीत, दाराला लागून, छातीइतका उंच कापसाचा ढीग होता. त्याआधीच्या हंगामात, २०२२ साली, कापसाला क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव मिळाला होता. तसाच पुन्हा मिळेल म्हणून विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या भागात अनेकांनी २०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत कापूस घरातच ठेवला होता. या घराचाही सगळ्या वर्षाचा पैसा त्या ढिगात होता. बोर्डापासून कूलरपर्यंत गेलेली वायर त्या ढिगावरूनच नेलेली होती आणि मध्ये चिकटपट्टी गुंडाळलेला जोड होता.

घरातले बाकीचे अंगणात झोपले होते. गुडघ्यांमुळे उठता-बसता न येणारी आजी मात्र आतल्या खोलीत, कूलरच्या वाऱ्यात होती. दारात धुमसता कापूस. खिडकीला लोखंडी ग्रील आणि ग्रीलला लावून बसवलेला कूलर. मागच्या भिंतीला दारच नाही. तिला काढायचे कुठून?

आधी कोणीतरी मीटरजवळचा खटका पाडून वीज बंद केली. मग चार-पाच जणांनी फावड्यांनी आणि हातांनी दारातला कापूस बाहेर ओढला. वाट मोकळी झाल्यावर तिचा मुलगा ओला टॉवेल तोंडाला बांधून, जमिनीलगत सरपटत आत गेला आणि वाकळीवर घालून आईला ओढत घेऊन आला. सौंसरहून बंब येईपर्यंत आजी अंगणातल्या खाटेवर होती. खोकत होती, पण शुद्धीवर होती. आठवडाभर दवाखान्यात राहून ती घरी परतली.

सकाळी बघ्यांची गर्दी झाली. आतले छत काळे पडले होते, भिंती जशाच्या तशा होत्या. जो तो म्हणत होता, "घराले काही नाही झालं. सिमेंटचं आहे."

ते खरेच होते. घराला काही झाले नव्हते. माणूस जाणार होते.

घर पक्के, पण केवढे?

हे घर जुने मातीचे, कवेलूचे घर पाडून त्याच जागेवर बांधलेले. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर धरले आहे, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट, आणि त्यात स्वयंपाकाची जागाही आली. त्याआधीच्या इंदिरा आवास योजनेत हेच माप २० चौरस मीटर होते. २०१६ साली नवी योजना आली तेव्हा सपाट भागासाठी १ लाख २० हजार रुपये अनुदान ठरले. घर लाभार्थ्याने स्वतःच बांधायचे असते. पैसे पुरवता पुरवता पहिली काटछाट होते ती चौकटी आणि दारांत. मागचे दार म्हणजे एक चौकट, एक फळी, एक कडी-कोयंडा. तेवढेच पैसे वाचतात.

या योजनेबद्दल मला वाईट बोलायचे नाही. उन्हाळ्यात एका घराची ठिणगी उडून अख्खी आळी जळायची, त्या गवताच्या आणि कुडाच्या घरांतून लोक बाहेर आले, ही लहान गोष्ट नव्हे. पण त्या जुन्या घरांत राहणाऱ्यांना आगीची भीती होती आणि त्या भीतीतून आलेले काही नियम होते. कडब्याची गंजी घरापासून लांब रचायची. पऱ्हाट्यांचा भारा चुलीजवळ येऊ द्यायचा नाही. गुरांना वेगळा कोठा, माल ठेवायला वेगळी जागा. दवाखान्यातून आल्यावर आजी मला म्हणाली, "आमच्या कवेलूच्या घराले दोन दारं होती, सरजी. पुढचं मानसाईचं, मागचं ढोराईचं. हे घर लय मजबूत हाये, पन दार एकच."

सिमेंटचे छत आले आणि भीती गेली. त्याच सुमारास त्या घरात वीज आली, कूलर आला, उज्ज्वला योजनेतून गॅसचे सिलिंडर आले. आग आता बाहेरून छपरावर पडत नाही, ती आतून सुरू होते. आणि कोठ्यातला माल, त्याला दुसरी जागाच नसल्यामुळे, माणसांच्या खोलीत आला.

घरकुलाचा नकाशा काढताना माणूस झोपतो कुठे आणि स्वयंपाक करतो कुठे याचा विचार होतो. तो पोट कशावर भरतो आणि ते सामान ठेवतो कुठे, याचा होत नाही. मग ते सामान उरलेल्या एकाच जागी येऊन बसते, दारात किंवा जिन्यात. आगीच्या दृष्टीने सरकारी घरांची सगळ्यात मोठी कच्ची बाजू मला हीच वाटते.

गोरेगावची गाठोडी

हे मला सौंसरमध्ये लगेच सुचले नव्हते. पाच महिन्यांनी, ६ ऑक्टोबर २०२३ ला मुंबईहून बातमी आली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. गोरेगाव पश्चिमेला 'जय भवानी' नावाची झोपडपट्टी पुनर्वसनाची इमारत आहे. त्या दिवशी पहाटे तीनच्या सुमारास तिच्या तळमजल्याला आग लागली. किमान सात माणसे गेली आणि चाळीसहून अधिक जखमी झाली. तळमजल्यावर, वाहने लावायच्या जागेत, जुन्या कपड्यांची गाठोडी होती. इमारतीतल्या अनेक कुटुंबांचा धंदाच जुने कपडे गोळा करून विकण्याचा. गाठोडी पेटली, गाड्या पेटल्या आणि धूर जिन्याने वर चढला.

ती माणसे झोपडीत राहत होती तेव्हा गाठोडी झोपडीच्या बाजूला, मोकळ्यावर पडलेली असणार. इमारतीत आल्यावर ती वरच्या खोलीत मावेनात, म्हणून खाली ठेवली. यात बेफिकिरी किती आणि नाइलाज किती? मला शेजारच्या घरकुलातला कापूस आठवला. तो शेतकरीही बेफिकीर नव्हता. पावसाने भिजू नये, चोराने नेऊ नये, म्हणूनच त्याने माल घरात घेतला होता.

पुढच्या वर्षी, नेमक्या त्याच तारखेला, ६ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत आग लागली. खाली दुकान, वर बिऱ्हाड. एकाच कुटुंबातली सात माणसे गेली. ते सरकारी घरकुल नव्हते, पण रचना तीच होती. माल खाली, माणसे वर आणि वाट मालातून.

आगीआधी धूर

आगीत माणूस जळून मरतो अशी आपली समजूत असते. झोपलेली माणसे बहुधा जळण्याआधीच धुराने जातात. कापूस, कपडा, गादी, फोम या वस्तू भडकण्याआधी बराच वेळ धुमसतात. हवा कमी आणि धग जास्त अशा स्थितीत कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायूची जागा तो बळकावतो. माणसाला गुंगी येते, हातपाय जड होतात, आणि झोपलेला माणूस झोपेतच बेशुद्ध होतो.

गरम धूर आधी वर जातो आणि छताखाली साचतो. म्हणून जमिनीलगतची वीतभर हवा जरा बरी असते. आजीचा मुलगा सरपटत गेला म्हणून दोघेही वाचले. इमारतीत मात्र हाच धूर जिन्यात शिरतो आणि जिन्याचे धुराडे होते. ज्या वाटेने माणसांनी खाली यायचे, त्याच वाटेने धूर वर येत असतो.

कापसाची आणखी एक खोड आहे. कच्च्या कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो. वरून बादलीभर पाणी ओतले तरी ते आतपर्यंत मुरत नाही. वरून विझल्यासारखे दिसते आणि आत निखारा राहतो. त्या पहाटे माणसांनी कापूस बाहेर ओढून पसरवला तेच बरोबर होते. दुपारी चार वाजता त्याच पसरलेल्या कापसातून पुन्हा एकदा धूर निघाला, हे मी स्वतः पाहिले.

आपल्या दारापर्यंत

सौंसर लांब आहे, मुंबई मोठी आहे, असे कोणी म्हणेल. १८ मे २०२५ ची पहाट आपल्यापैकी कोण विसरेल? सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली. कारखान्यातच राहणारे मालकाचे कुटुंब आणि कामगार कुटुंबातली माणसे मिळून आठ जण गेले. त्यात लहान मूलही होते. तेही सरकारी घर नव्हते. पण सूत, टॉवेल आणि झोपलेली माणसे एकाच छताखाली होती.

आता कुंभारीचा विचार करा. विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरे झाली, २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती दिली गेली. एवढी मोठी कामगार वसाहत उभी राहिली याचा सोलापूरकरांना रास्त अभिमान आहे. त्याच कुंभारीत असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची रे नगर ही योजना आली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यातली पंधरा हजार घरे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देण्यात आली. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरा वेचणारे, रिक्षावाले अशी माणसे तिथली घरमालक झाली.

ही यादी पुन्हा वाचा. विडीवालीच्या घरात तेंदूची वाळलेली पाने आणि तंबाखू. कचरा वेचणाऱ्याकडे कागद-प्लॅस्टिकची पोती. फेरीवाल्याकडे माल आणि गाडा. रिक्षा विजेची असेल तर रात्रभर चार्जिंग. प्रत्येक घराला एक धंदा आहे आणि प्रत्येक धंद्याला जागा लागते. ती जागा ठरवून दिली नाही, तर लोक ती दारात आणि जिन्याखाली शोधतात. तेंदूपत्ता देशात सगळ्यात जास्त मध्य प्रदेशात होतो. तिकडचे पान इकडे विडीत येते, आणि दोन्हीकडे ते गरिबाच्या उशाशी असते.

आधी सांगितले होते

हा दोष आपल्याच देशातला आहे असेही नाही. लंडनमधला ग्रेनफेल टॉवर हा चोवीस मजली इमला, सरकारी भाड्याच्या घरांचा. १४ जून २०१७ च्या रात्री चौथ्या मजल्यावरच्या एका फ्रीजपासून आग सुरू झाली, बाहेरून बसवलेल्या ज्वलनशील आवरणामुळे ती इमारतभर पसरली आणि ७२ माणसे गेली. खाली उतरायला जिना एकच होता. रहिवाशांच्या गटाने आगीचा धोका आधीपासून लेखी मांडलेला होता.

हाँगकाँगच्या ताइ पो भागातली वांग फुक कोर्ट ही सरकारी सवलतीच्या घरांची वसाहत. २६ नोव्हेंबर २०२५ रोजी दुरुस्ती चालू असताना बाहेरची जाळी आणि खिडक्यांवर लावलेला फोम पेटला. आठपैकी सात इमारतींना आग लागली आणि दीडशेहून अधिक माणसे मेली. तिथल्याही रहिवाशांनी जाळीबद्दल आधी तक्रार केली होती.

मला त्या उंच इमारती आणि आपली बैठी घरकुले सारखी आहेत असे म्हणायचे नाही. सारखे आहे ते एवढेच, की घरात राहणाऱ्याला धोका आधी दिसतो. त्याला विचारणारे कोणी नसते, आणि त्याने सांगितले तरी ते कागदावर राहते.

कायद्याची वेस

सौंसरहून आल्यावर मी थोडे कायद्याचे वाचन केले. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्यानुसार आगीपासून बचावाची साधने चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे, आणि दर जानेवारीत व जुलैत तसे प्रमाणपत्र द्यायचे असते. राहत्या इमारतींबाबत कडक नियम सुरू होतात ते साधारण पंधरा मीटर उंचीपासून. दोन खोल्यांचे घरकुल त्यात येतच नाही.

दुसरी गोष्ट जास्त बोलकी आहे. १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी ग्रामपंचायतींच्या आणि नगरपालिकांच्या कामांच्या याद्या ठरवल्या. ग्रामीण घरबांधणी पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत आहे. अग्निशमन मात्र फक्त नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीत आहे. म्हणजे गावात घर बांधून देणे पंचायतीच्या यादीत, आणि ते पेटले तर विझवणे तिच्या यादीतच नाही. बंब यायचा तो तालुक्याच्या गावाहून. वीस-पंचवीस मिनिटे तर सहज जातात, आणि धुराला माणसाला बेशुद्ध करायला त्याहून पुष्कळ कमी वेळ पुरतो.

छिंदवाडा जिल्ह्याने याची मोठी किंमत मोजली आहे. २१ एप्रिल २०१७ रोजी हर्रई भागातल्या बरगी गावात रेशनचे रॉकेल वाटताना आग लागली. रॉकेल आणि माणसांची गर्दी एकाच ठिकाणी होती. किमान तेरा माणसे गेली.

म्हणून मागणी करायची तर ती मोठ्या यंत्रांची नको, साध्या गोष्टींची करू. घरकुलाच्या अनुदानात मागच्या दाराचा खर्च वेगळा धरावा. ग्रीलचा एक भाग बिजागरीचा, आतून उघडणारा असावा. वसाहत असेल तर धंद्याच्या मालासाठी घरांपासून अंतर ठेवून पत्र्याची सामाईक कोठारे बांधावीत. खेड्यात दर दहा-बारा घरांमागे अंगणात एक पत्र्याचा आडोसा पुरे. यातले काहीही महाग नाही. नकाशा काढणाऱ्याने एकदा विचारायला हवे, "तुमचा धंदा काय?"

आजपासून आपण काय करायचे?

सरकारचे सरकार करील. आग लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा आज रात्री जेवण झाल्यावर घरातल्या सगळ्यांनी मिळून अर्धा तास द्यावा.

दार आणि जिना मोकळा करा. पोती, गाठोडी, सायकल, जुनी गादी, काहीही असो, निजायच्या आधी वाटेतून हलवा. घरात माल ठेवावाच लागला तर तो आतल्या बाजूला आणि माणसे दाराच्या बाजूला झोपू द्या. आपण नेमके उलटे करतो.

कूलर अशा खिडकीत बसवा की घरात दुसरी वाट उरेल. त्याची वायर एकसंध हवी, जोड नको. एका बोर्डावर कूलर, फ्रीज आणि शेगडी असा भार टाकू नका. एमसीबी वारंवार पडत असेल तर तो चेंगट झाला म्हणून बदलू नका, वायरिंग तपासून घ्या. तो तुम्हाला काहीतरी सांगतो आहे.

विजेची दुचाकी किंवा रिक्षा जिन्याखाली, दारात आणि रात्रभर चार्जिंगला लावू नका.

गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीवर पसरतो. वास आला तर दिव्याचे बटण चालू करू नका आणि बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि १९०६ ला फोन करा. गॅसची नळी पाच वर्षांनी बदलायची असते. सिलिंडर उभाच ठेवा.

रात्री कुलूप आतून लावत असाल तर किल्ली ठरलेल्या खिळ्यावर, लहान मुलाचा हात पोचेल अशी ठेवा.

म्हाताऱ्या माणसांना आणि आजाऱ्यांना दाराजवळची जागा द्या. त्यांना कोण बाहेर काढणार हे आधीच ठरवा, ऐनवेळी प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने काढले असेल.

धूर दिसला तर वाकून किंवा सरपटत बाहेर या आणि बाहेर आल्यावर वस्तूंसाठी परत आत जाऊ नका. १०१ किंवा ११२ ला फोन करा.

आणि आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरांसाठी एक खास गोष्ट. आगीची हाक कोणत्या शब्दाने द्यायची ते ठरवा आणि शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा. माझी बहीण 'बेंकी' म्हणून ओरडली आणि गल्ली झोपून राहिली. सोलापुरात कदाचित तो शब्द चालला असता. पुण्यात, मुंबईत, सौंसरमध्ये चालणार नाही. घाबरल्यावर जी भाषा तोंडातून येते ती बदलता येत नाही, म्हणून 'आग' हा शब्द मुलांकडून दोन-चारदा मोठ्याने म्हणून घ्या. हसतील, हसू द्या.

मी हे वर्गातही करून पाहिले. मुलांना आपापल्या घराचा नकाशा काढायला सांगितला आणि बाहेर पडायचे दोन रस्ते लाल पेनाने दाखवायला सांगितले. बहुतेकांच्या कागदावर एकच लाल रेघ आली. एका मुलीने ती रेघ मध्येच थांबवली होती. का म्हणून विचारले तर म्हणाली, "सर, तिथं आईची शिलाई मशीन आणि कापडाचे गठ्ठे आहेत." दुसऱ्या दिवशी तिने येऊन सांगितले, मशीन खिडकीकडे सरकवली.

गेल्या दिवाळीत पुन्हा सौंसरला जाणे झाले. वेचणी सुरू झाली होती. शेजारच्या अंगणात, घरापासून दहा-बारा पावलांवर चार बल्ल्या रोवून पत्र्याचा आडोसा केलेला होता, कापूस त्यात भरला होता आणि वर ताडपत्री टाकली होती. घराच्या मागच्या भिंतीला नवे दार पाडले होते. चौकट जुनी, मोडक्या कवेलूच्या घरातून जपून ठेवलेली. आजी त्या दारात बसून तूर निवडत होती.

"पाहा सरजी," ती म्हणाली, "आता हे माह्यं दार."

वाचकहो, तुमच्या घरात तुमच्या आजीचे दार कोणते, एवढे आज रात्री पाहून घ्या. त्याच्यासमोर काही ठेवलेले असेल, तर झोपायच्या आधी हलवा.